दुपदरी पडदे: डबल रॉड घ्यावा की छताला ट्रॅक?

पश्चिमेच्या खिडकीला एक पडदा पुरत नाही, हे एप्रिलच्या दुपारी तीननंतर कळतं. जाड पडदा ओढला तर भर दिवसा दिवा लावावा लागतो, बाजूला सारला तर ऊन थेट गादीवर. मागे नेट आणि पुढे जाड कापड लावलं की दोन्ही साधतं. मग ते टांगायचं कशावर? आमच्या बेडरूमला डबल रॉड आहे, हॉलला छताचा ट्रॅक. दोन्ही मी घरीच लावलेत, म्हणून अनुभवाने सांगते.

पाच फुटी खिडकी असेल तर डोळे झाकून डबल रॉड घ्या. एकाच ब्रॅकेटवर दोन दांड्या बसतात आणि बाजारातले आयलेटचे (वरच्या कडेला गोल कड्या बसवलेले) तयार पडदे सरळ ओवता येतात. आयलेटची संख्या मात्र सम हवी, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच पुढे न्या. मग दिवसा पडद्याच्या चुण्या भिंतीवर राहतात, काच अडत नाही. धुवायचा पडदा दोन मिनिटांत उतरतो, आणि पावसाळ्यात कुबट वास धरलेलं जाड कापड वरचेवर उतरवावंच लागतं. उणीव एकच: वरून आणि कडेने उजेड झिरपतो.

बाल्कनीच्या नऊ-दहा फुटी सरकत्या दाराला मात्र ट्रॅकच शोभतो. एवढ्या लांब रॉडला मध्ये ब्रॅकेट द्यावाच लागतो आणि आयलेट त्याच्या पलीकडे जात नाही. ट्रॅकवर पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत विनाअडथळा सरकतो, वरची फटही राहत नाही. पण काम जास्त. पडद्याला वरून पट्टी शिवून घ्यायची, हूक अडकवायचे, आणि दर धुण्याला ते सगळे काढून पुन्हा लावायचे. ट्रॅकचा भाव ऐकून निर्णय घेऊ नका, शिलाईही धरा. छताला ड्रिल करताना भुगा डोळ्यांत येतो, त्यामुळे चष्मा हवाच आणि खाली धरायला दुसरं माणूसही. फॉल्स सीलिंग असेल तर नुसत्या बोर्डात स्क्रू टिकत नाही. आत चॅनेल किंवा प्लाय आहे का, हे आधी पाहा.

रॉडसाठी भिंत कशाची आहे ते ड्रिलचा भुगाच सांगतो. लाल आला तर वीट: साधी गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) ठोका, स्क्रू कसा. करडा आला तर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई: हॅमर ड्रिलशिवाय भागणार नाही. बेडरूमला माझं बिट इंचभर आत जाऊन अडलं, पुढे सरकेना. आत सळई होती. जोर न लावता भोक इंचभर बाजूला घेतलं आणि काम झालं. पिठासारखा पांढरा भुगा आला तर सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची भिंत. तिथे साधी गिट्टी दोन पडद्यांच्या वजनाने सैल होते. त्या ब्लॉकसाठीच मिळणारी लांब गिट्टी मागून घ्या.

कापडात काटकसर करायची तर जाड पडद्यात करा, तो रुंदीच्या दीडपट चालतो. नेट दुप्पट हवंच, नाहीतर ते ताणलेल्या मच्छरदाणीसारखं दिसतं.

भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोकं पाडू देत नसतील, तर नेटसाठी चौकटीच्या आत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड लावा आणि जाड पडदा आधीच असलेल्या रॉडवर घाला.