लिज्जतचा उडीद पापड, आणि त्यामागची माणसं

आमच्याकडे वरणभातासोबत हाच पापड लागतो, मिरीवाला उडदाचा. गॅसवर डायरेक्ट भाजायचा, पण हात चालू ठेवायचा नाहीतर कडा लगेच करपतात. पातळ, एकसारखा लाटलेला, मिरी दाताखाली येते पण घसा जळत नाही, तळला तर मस्त फुलतो. चवीला पैकीच्या पैकी.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. १९५९ मध्ये गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर हे सुरू केलं, पहिल्या दिवशी ४ पाकिटं. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली. आजही इथे पापड लाटणारी बाई नोकर नाही, मालकीण आहे, एकमेकींना बहीण म्हणतात, नफा वाटून घेतात आणि तोटासुद्धा. सकाळी सेंटरवरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं, म्हणजे घर सांभाळून हातात स्वतःचा पैसा.

मी ज्या ऑफिसात होते तिथे दर वर्षी लीडरशिपचं ट्रेनिंग व्हायचं, हॉटेलात, जेवणासकट, आणि सोमवारी परत साहेब बोलणार आम्ही ऐकणार, शाळेत बाई बोलायच्या आणि आम्ही हाताची घडी घालून बसायचो तसंच. एमबीएच्या पोरांना एखाद्या सेंटरवर आठवडाभर बसवा हो, खरंच सांगते, पीठ मोजून घेताना आणि पापड तपासताना बघू दे त्यांना.

पाकीट उघडलं की डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.