रूफटॉप टेंट सहा महिने वापरला, सांगतो कसा आहे

गाडीच्या छतावर बसवायचा हा तंबू सॉफ्टशेल (कापडी कव्हरचा, घडी उलगडायचा) घ्यायचा की हार्डशेल (कडक पेटीसारखा) यातच माझा महिना गेला, शेवटी हार्डशेल घेतला आणि बरंच झालं, लॅच सोडले की गॅस स्ट्रटवर (डिकीचं दार उचलून धरतात तसले दांडे) मिनिटभरात वर येतो, भर पावसात पोचलं की याची किंमत कळते. पण घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढून छताची लोड लिमिट बघाच, ती चालत्या गाडीची असते आणि त्यात क्रॉसबारचं, म्हणजे टेंट ज्यावर बसतो त्या छतावरच्या आडव्या दांड्यांचं वजनही धरायचं. माझा टेंट ६२ किलो, बार ८, म्हणजे ७० तिथेच झाले. उभ्या गाडीचं छत त्याहून बरंच जास्त पेलतं, म्हणून तर वर दोघं निवांत झोपतो. चढवायला चार माणसं लागली, दोघांच्या भरवशावर राहू नका, छताला हमखास खरचटतं. नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावून आवळायचा पाना) आवळले होते तरी १०० किलोमीटरनंतर दोन नट अर्धा आटा ढिले सापडले, तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येक नटाला हात लावून बघतोच. तक्रार एकच, सकाळी गादीखाली ओल यायची, खाली हवा खेळणारी जाळीची मॅट टाकली तेव्हा थांबली. आणि ओला टेंट मिटून ठेवला की बुरशी धरते, घरी आल्या आल्या उघडून वाळवा.