वेव्ह फाइल बदलायची आहे: फ्लॅक की एमपी३?

सीडीच्या दर्जाची वेव्ह (.wav), म्हणजे न दाबलेल्या आवाजाची फाइल (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ) मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. फ्लॅक (.flac) या फॉरमॅटमध्ये ती बहुधा निम्म्या ते दोन तृतीयांशावर येते आणि आवाजातला एकही बिट हरवत नाही. हवी तेव्हा तीच वेव्ह परत मिळते. मूळ ध्वनिमुद्रण जपायचं असेल तर फ्लॅकच घ्या, इथे तडजोड नको.

एमपी३ मात्र कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा काढून टाकते. ३२० केबीपीएसला (सेकंदाला किती किलोबिट डेटा, ते माप) मिनिटाला २.४ एमबी, १९२ ला १.४४. नुसतं बोलणं असेल तर मोनो (एकाच चॅनेलचा आवाज) ६४ केबीपीएस पुरतं. पाठवायला, जुन्या प्लेअरवर वाजवायला हीच सोयीची.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्हींचा रस्ता एकच: फाइल उघडा, एक्स्पोर्टमध्ये फॉरमॅट निवडा. एमपी३ करण्याआधी सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलवर आणा, नाहीतर एमपी३ झाल्यावर आवाजाची शिखरं शून्य डेसिबलच्या वर जाऊन आवाज फाटू शकतो.

एमपी३ची फ्लॅक करू नका: फाइल फुगते, गेलेला आवाज परतत नाही. एमपी३ संपादित करून पुन्हा एमपी३ केली तर दर्जा आणखी घसरतो, म्हणून काटछाट मूळ फाइलवरच करा. आणि नुसतं एक्स्टेन्शन (फाइलच्या नावामागचं .wav, .mp3) बदलणं म्हणजे रूपांतर नव्हे. आतला डेटा तसाच राहतो.