जुन्या ट्रकची लोंबलेली दारं : आठ महिन्यांनी काय टिकलं, काय निखळलं

दार दणकन आपटल्याशिवाय लागेनासं झालं की पहिला संशय लॉकवर जातो. नवं लॉक येतं, बसतं, आणि दार तसंच आपटावं लागतं. दोष बिजागरीच्या पिनेचा आणि खर्च लॉकचा, असा हा प्रकार.

मे महिन्यात दोन गाड्यांच्या चारही दारांवर कमी खर्चाचे उपाय केले, मुद्दाम प्रत्येक दारावर वेगळे. मधे अख्खा पावसाळा गेला. जानेवारीत सगळं पुन्हा खोलून व्हर्नियरने (मिमीचा अंशही दाखवणाऱ्या मोजपट्टीने) मोजलं. एक गाडी टाटा ४०७ च्या वर्गातली, कंपनीच्या केबिनची, सोळा वर्षं जुनी. दुसरी मोठी, चासीवर बॉडीवाल्याने बांधलेल्या केबिनची. भाजीपाल्याच्या फेऱ्या असल्याने दार दिवसाला तीसेक वेळा उघडतं, म्हणजे आठ महिन्यांत सात हजारांच्या वर.

आधी दोष कुठे आहे ते बघा, त्याला पैसा लागत नाही. दार अर्धं उघडायचं, लॉककडच्या खालच्या कोपऱ्याला हात घालून वर उचलायचं आणि दुसऱ्याला बिजागरीवर नजर ठेवायला सांगायचं. पिनेभोवती बिजागरीचा डोळा, म्हणजे पिन जाते तो भोकाचा भाग, हलत असेल तर पिन नि बुश (पिनेभोवतीची नळी) झिजलेत. अख्खी बिजागरी केबिनच्या खांबावर सरकत असेल तर बोल्ट ढिले आहेत. आणि बिजागरीसकट खांबाचा पत्राच आत-बाहेर होत असेल तर पत्रा फाटलाय. अशा वेळी पुढचं काही करू नका, आधी वेल्डर गाठा.

वरची बिजागरी बहुतेकदा जास्त झिजते. दाराचं वजन तिला बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं. दार पंचवीस किलोचं, त्याचं वजन बिजागरीपासून ४५ सेंमीवर आणि दोन बिजागऱ्यांत ४० सेंमी अंतर धरलं, तर वरच्या पिनेवर अठ्ठावीस किलोंची ओढ सतत असते. त्यात साठ किलोचा माणूस उघड्या दाराच्या टोकाला लोंबकळून वर चढला की आणखी एकशे पस्तीस किलोंच्या आसपास. ड्रायव्हर साइडचं दार क्लीनर साइडच्या आधी का लोंबतं, त्याचं उत्तर इथे आहे. खांबावर चढायची मूठ तुटली असेल तर ती आधी लावा, नाहीतर बाकीचा खर्च वाया.

झीज डोळ्याला किरकोळ दिसते. दोन्ही पिनांत अर्धा-अर्धा मिमी सैलपणा आला, की ९० सेंमी रुंद दाराचं लॉककडचं टोक सव्वादोन मिमी खाली येतं. एवढ्याने लॉकचा जबडा समोरच्या खांबावरच्या लॉकच्या पिनेवर न बसता तिच्या कडेवर आदळतो.

आता पिनेचा उपाय. चारपैकी तीन दारांवर हेच काम केलं, फक्त बुशचा माल वेगळा.

काच खाली घ्या, दाराचा रोधक पट्टा (दार जास्त उघडू न देणारा) सोडा, बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा. जॅक दाराला टेकेल एवढाच चढवा, जास्त चढवला तर पिन आवळून बसते. एका वेळी एकच बिजागरी हाताळायची. खांबाच्या आतली आटे पाडलेली पट्टी अनेक केबिनमध्ये सुटी असते. सगळे बोल्ट एकदम काढले तर ती खांबात पडते आणि मग चुंबक बांधलेल्या तारेने मासेमारी करत बसावं लागतं. पिनेवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी खालून पंच लावून वर ठोका. हलली नाही तर डोळा तापवा, पण त्याआधी दाराचं अस्तर काढा. आतला फोम पेटायला वेळ लागत नाही.

पिन निघाली की तिचा सगळ्यात झिजलेला भाग मोजा आणि झीज नसलेलं टोक मोजा. मूळ माप त्या टोकाचं. आमची पिन ८ मिमीची होती, मधे ७.६ झालेली. डोळ्याचं भोक अंडाकृती, लांब बाजूने ८.५. इथे बहुतेक जण ८ मिमीचा बोल्ट कापून पिन म्हणून घालतात. बोल्टचा गुळगुळीत दांडा बऱ्याचदा पूर्ण आठ नसतो, ७.८ च्या आसपास भरतो. म्हणजे झिजलेली पिन काढून झिजल्यासारखीच पिन घातली. घासून माप दिलेला सिल्व्हर स्टीलचा गज घ्या. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात फूटभर सहज मिळतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, आणि औद्योगिक वसाहत असलेल्या कुठल्याही गावात टर्नरकडे.

डोळ्याचं भोक १० मिमीला रीमरने (भोक गोल नि मापात घासणाऱ्या हत्याराने) साफ केलं. भोवती निदान ३ मिमी लोखंड शिल्लक राहत असेल तरच हे करा. हातातल्या ड्रिल मशीनने भोक हमखास तिरकं जातं, म्हणून बिजागरीचं पान सोडवून उभ्या ड्रिलवर नेलं. बुशचं बाहेरचं माप १०.०२ ठेवायला सांगा, आतलं ८.०० च्या किंचित आत. बुश दाबून बसला की आतलं भोक अजून आवळतं, तेव्हा शेवटचं रीमिंग बसवल्यानंतर करायचं, पिन बोटाच्या जोराने सरकेल इतपत. बुश हातोडीने ठोकू नका, लांब बोल्ट नि दोन जाड वायसर लावून नट आवळत आत ओढा. बुशला १ मिमी जाड कॉलर हवी. ती नसेल तर दाराचं वजन पुन्हा लोखंडावर लोखंड असं घासतं.

निकाल. गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश, ड्रायव्हर साइड: बसवताना सैलपणा ०.०५ मिमी, जानेवारीत ०.१ च्या आत. दार दोन बोटांनी लागतं. महिन्यातून एकदा इंजिन ऑइलचे दोन थेंब, बास. चार बुश, दोन पिना आणि टर्नरची मजुरी धरून पाचशे-सहाशे रुपये गेले. नायलॉनचा बुश, क्लीनर साइड: सुरुवातीला गनमेटलपेक्षाही गुळगुळीत. जुलैच्या मध्यात दार जड झालं, ऑगस्टमध्ये उघडं सोडलं तर जागच्या जागी उभं राहायला लागलं. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, तेव्हा बुशने पिन धरली. लोकांनी गंज समजून वरून तेल ओतलं, काही फरक नाही. दिवाळीनंतर दार आपोआप मोकळं झालं, पण सैलपणा पाव मिमीवर गेला होता. प्लास्टिकच घालायचं असेल तर डेल्रिन घाला. ते पाणी फारसं धरत नाही. मोठ्या गाडीच्या एका दाराला डेल्रिन आहे आणि त्याची तक्रार नाही. दिसायला दोन्ही पांढरे गज सारखेच, त्यामुळे टर्नरला नाव घेऊन सांगा.

बॉडीवाल्याच्या केबिनची बिजागरी म्हणजे जाड पट्टी वळवून केलेला डोळा आणि त्यात साधा गज. तिच्या दुसऱ्या दाराला बुशच्या फंदात पडलो नाही. भोक १२ मिमीला मोठं करून १२ चा ब्राइट बार (साधा गुळगुळीत पोलादी गज) घातला, वर-खाली कॉटर पिन (भोकातून घालून टोकं वाकवायची दुहेरी तार). दीडशे रुपयांत काम झालं. माल मऊ असल्याने आताच ०.३ मिमी सैल आहे, वर्षभराने पुन्हा गज बदलावा लागेल. पण तो बदलायला अर्धा तास लागतो, म्हणून तक्रार नाही. एक मात्र बघा: दोन्ही डोळ्यांतून ताणलेला दोरा ओवून ते एका रेषेत आहेत का ते तपासा. नसतील तर कितीही चांगली पिन घाला, दार उघडताना करकरणार.

न टिकलेल्यांत पहिला नंबर कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचा. पत्रा ०.१ मिमीचा, पिनेभोवती एक वेढा दिला की पिन ०.२ ने जाड होते. हिशोब बरोबर, दार त्या दिवशी झकास लागतं. सहाव्या आठवड्यात पत्र्याचा चुरा काळ्या पेस्टसारखा डोळ्यातून बाहेर यायला लागला. वाटेत अडलात तर ठीक. दुसरा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास चालतो: बिजागरीत लाकडाचा ठोकळा अडकवून दार जोरात लोटायचं, बिजागरी वाकते आणि टोक वर येतं. पिनेचा सैलपणा जिथल्या तिथे राहतो, फक्त दिसेनासा होतो, आणि पुढच्या कडेची फट वर-खाली वेगळी होते. तिसरा, बिजागरीच्या दोन पानांत वायसर घालून दार उचलणं. दार सरळ वर जातं, पण तिरकं ते तिरकंच.

लॉकच्या खांबावरच्या पिनेला, म्हणजे स्ट्रायकरला, हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी कुणीतरी लोंबलेल्या दाराच्या मापाने तो खाली सरकवलेला असतोच. बिजागरी दुरुस्त झाली की दार वर येतं आणि स्ट्रायकर खाली राहतो. त्याचे बोल्ट अर्धे ढिले करा, बाहेरचं हँडल ओढून धरत दार हळू मिटा, स्ट्रायकर आपली जागा घेतो, मग आवळा. दोन खटके ऐकू आलेच पाहिजेत, अर्ध्या लॉकचा आणि पूर्ण लॉकचा. एकच आला तर गाडी बाहेर काढू नका.

स्ट्रायकरच्या पिनेवरचं प्लास्टिकचं नळकांडं झिजून गेलेलं असतं, खडखड तिथूनच येते. त्यावर वायरिंगची हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवून पाहिली, जबड्याने ती तीन महिन्यांत कापली. मग हवेच्या लाइनची पीयू (पॉलियुरेथेन) नळी, बाहेरून १२ आणि आतून ८ मिमी, पिनेच्या लांबीएवढी कापून बसवली. अजून शाबूत आहे, वर नुसत्या रेघा उमटल्यात. वीस रुपयांत मीटरभर मिळाली, चार दारांना पुरून उरली. पीयू चढल्यावर पिन फार जाड होऊन जबडा पूर्ण मिटत नसेल तर मात्र ती लगेच काढा.

लॉकच्या आत ग्रीस भरायची सवय सोडा. धूळ आणि ग्रीस मिळून महिन्याभरात लांबी (पुट्टी) तयार होते आणि जबडा परत फिरत नाही. रॉकेल किंवा डिझेलने धुवा, कोरडं पुसा, पातळ तेलाचे चार थेंब टाका. किल्लीच्या भोकात तेलही नको, पेन्सिलच्या शिशाची पूड चालते.

लॉकच्या काडीची (हँडल आणि लॉक जोडणाऱ्या सळीची) प्लास्टिक क्लिप तुटली की बांधायची तार गुंडाळतात. तार काडीला करवतीसारखी खाते आणि एक दिवस आतून दार उघडत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी पेरभर कापून काडीच्या वाकलेल्या टोकावर चढवली, टोकाला भोक पाडून बारीक कॉटर पिन लावली. खुळखुळ तेव्हाच थांबली. नळी आता थोडी कडक झालीय, पण पाच रुपयांच्या वस्तूकडून आणखी काय अपेक्षा करणार? तिच्यावर तेल मात्र उडू देऊ नका, फुगून निसटते.

काचेचं हँडल काढताना स्क्रू शोधून न सापडल्याने बरीच हँडलं तुटतात. मागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. हँडल आणि अस्तर यांच्यामध्ये सुती कापडाची पट्टी घाला, दोन टोकं धरून जोडे चमकवतात तशी डावी-उजवी ओढा. धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप टण्णकन उडते. उडण्याआधी दुसऱ्या हाताने आडोसा धरा, नाहीतर ती सीटखाली कायमची गेली. हँडलचे दाते गेले असतील तर पत्र्याची चिमटी घालून पाहिलं, आठवडाभर चाललं. नवं हँडलच घ्यावं.

काच खालच्या पन्हाळीतून सुटत असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी दुहेरी करून, साबणाच्या पाण्यात भिजवून काचेच्या कडेवर ठेवा आणि पन्हाळ लाकडाच्या ठोकळ्याने वर ठोका. चारही काचा अजून पक्क्या. बाजूच्या मखमली चॅनेलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारा, तेल मारलं तर मखमल धूळ धरून काचेवर उभ्या रेघा ओढते.

रोधक पट्टा नसलेल्या दाराला भंगारातल्या कन्व्हेयर बेल्टची २५ मिमी रुंद पट्टी लावली, दोन्ही टोकांना ६ मिमीचे बोल्ट आणि मोठे वायसर. सगळ्या कामांत हे उजवं ठरलं. वाऱ्याने दार फेकलं गेलं तरी बिजागरीला झटका बसत नाही.

दाराच्या कडेचं रबर बीडिंग नवं घालताना जाड ते चांगलं असं समजू नका. जाड बीडिंगने दार पुन्हा आपटावं लागतं आणि नव्या बुशची वाट लागते. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा, ओढल्यावर ती अडखळत निघाली पाहिजे. फाटली तर बीडिंग जाड, सुळकन आली तर पातळ. चार-पाच ठिकाणी हे करून बघा, खालच्या मागच्या कोपऱ्यात हमखास फरक पडतो.

अस्तर उघडलंच आहे तर दाराच्या तळाची पाणी जायची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करा. आमच्या एका दारातून मूठभर चिखल आणि कोथिंबिरीच्या काड्या निघाल्या, आणि त्यामागचा पत्रा बोटाने दाबला तर आत गेला. तिथे आता पॅच मारायचं काम राहिलंय, पावसाच्या आधी.