बोर्डिंग की ग्रूमिंग : प्राणीप्रेमी माणसाने कोणता व्यवसाय निवडावा?

प्राण्यांची आवड आहे आणि त्याच आवडीवर पोटापाण्याची व्यवस्था करायची आहे, असे म्हणणाऱ्या माणसासमोर पुण्यासारख्या शहरात मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे मालक परगावी गेला असता त्याचा कुत्रा आपल्याकडे मुक्कामाला ठेवून घेणे, म्हणजेच बोर्डिंग. आणि दुसरी म्हणजे आंघोळ, केस, नखे व कान यांची निगा राखणे, म्हणजेच ग्रूमिंग. पिल्लांच्या दुकानाचा विचार मी येथे केलेला नाही. त्यासाठी २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, शिवाय तो जिवांच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे, निगराणीचा नव्हे. मी दोन वर्षे घरी बोर्डिंग चालवले आणि आता ग्रूमिंग करते, त्यामुळे दोन्हींमधले कष्ट मला जवळून ठाऊक आहेत.

पहिला फरक जागेचा आहे. बोर्डिंगला तळमजल्याचे घर, कुंपण घातलेले अंगण आणि एकामागे एक अशी दोन दारे हवीत, कारण परक्या घरात आलेला कुत्रा पहिल्या दिवशी फक्त बाहेर पडण्याची संधी शोधत असतो. सोसायटीला सदनिकेत कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही, हे खरे. पण ते संरक्षण स्वतःचा प्राणी पाळणाऱ्याला आहे, चार पाहुणे कुत्रे ठेवून व्यवसाय करण्याची ती परवानगी नव्हे. ग्रूमिंगला मात्र पाण्याची सोय असलेली एक खोली पुरते, किंवा टेबल, क्लिपर (केस कापण्याचे यंत्र) आणि ब्लोअर (केस वाळवण्याचे यंत्र) गाडीत घालून ग्राहकाच्या घरीही जाता येते. जागा बदलावी लागली तर ग्रूमिंगचे भांडवल आपल्याबरोबर येते. बोर्डिंगसाठी घातलेली फरशी, कुंपण आणि सांडपाण्याची व्यवस्था घरमालकाकडेच राहते.

त्याहून मोठा फरक आजारांचा आहे, आणि नवे लोक नेमका याचाच विचार कमी करतात. ग्रूमिंगमध्ये एका वेळी एकच प्राणी हाताखाली असतो आणि दोघांच्या मध्ये टेबल, टब व फण्या निर्जंतुक करता येतात. बोर्डिंगमध्ये मात्र एकाचा आजार सर्वांचा होतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. फरशी आधी स्वच्छ धुऊन मग ब्लीचचे पाणी काही मिनिटे राहू द्यावे लागते. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, तर हवेतूनच पसरतो. माझ्याकडे पावसाळ्यात एक देखणा गोल्डन रिट्रीव्हर आला, त्याच्या कानांच्या घड्यांत गोचीड होते आणि मी ते पाहिले नाही. तो चार दिवसांनी आपल्या घरी गेला, पण पुढचे दोन महिने मी टॉर्च घेऊन भिंतींच्या भेगा तपासत होते, कारण हा गोचीड रक्त पिऊन झाल्यावर भिंतीवर चढतो आणि फटीत अंडी घालतो. त्यानंतर लसीकरण पुस्तिका पाहिल्याशिवाय आणि कान, बोटांमधली जागा व शेपटीचे मूळ हाताने चाचपल्याशिवाय मी एकही कुत्रा आत घेतला नाही.

ग्रूमिंगमधला धोका वेगळा आहे. तो आपल्याच हातात असतो. शिह त्झूसारख्या लांब केसांच्या कुत्र्याच्या कानामागे जट झाली की तिच्याबरोबर पातळ कातडीही वर ओढली जाते, आणि कात्री लावली तर केसांबरोबर कातडीही कापली जाते. तिथे कातडीला समांतर धरलेला क्लिपरच चालवावा लागतो आणि त्याचे पाते तापले आहे का, हे दर काही मिनिटांनी आपल्या मनगटावर पाहावे लागते. काळ्या नखातली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून नख अगदी थोडे थोडे कापायचे आणि रक्त थांबवणारी पावडर हाताशी ठेवायची. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यावर गरम ब्लोअर सोडणे जिवावर बेतू शकते. मे महिन्यात हस्कीचे मालक पूर्ण केस उतरवून द्या म्हणून आग्रह धरतात. त्यांना नकार द्यावा लागतो, कारण केसांचा तो दुहेरी थर उन्हापासूनही संरक्षण देतो आणि एकदा काढला की पुन्हा तसाच येईल याची खात्री नसते. ग्राहक जाईल, हे ठाऊक असून नकार देता आला पाहिजे.

उत्पन्नाचे स्वरूपही भिन्न आहे. बोर्डिंगची मागणी दिवाळी, मे महिना, गणपती आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा यांत एकवटते. म्हणजे घरची माणसे एकत्र येतात नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला घर सोडता येत नाही, आणि दिवाळीत तर फटाक्यांनी थरथरणारे कुत्रे मांडीशी घेऊन रात्र काढावी लागते. ग्रूमिंगचा ग्राहक महिना-दीड महिन्याने परत येतो, त्यामुळे हिशेब मांडता येतो. त्याची किंमत मात्र कंबर आणि मनगटे मोजतात.

कागदपत्रांत फारसा फरक नाही. कामगार मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखाली, म्हणजे शॉप अ‍ॅक्टखाली केवळ सूचना द्यावी लागते, लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत अशा स्थानिक सेवेला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. बोर्डिंगमध्ये मात्र तातडीच्या उपचारांसाठी मालकाची लेखी संमती आणि रात्री फोन उचलणारा पशुवैद्य या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. रेबीजची प्रतिबंधक लस आपण स्वतः दोन्ही व्यवसायांत घ्यावी, आणि तरीही चावा बसला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे.

स्वतःचे तळमजल्याचे घर आणि रात्रीची पाळी वाटून घेणारे दुसरे माणूस असेल, तरच बोर्डिंग निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी अनुभवी ग्रूमरच्या हाताखाली काही महिने काम करून ग्रूमिंगने सुरुवात करावी. तरीही मन बोर्डिंगकडेच ओढत असेल, तर आधी ओळखीतला एकच कुत्रा चार दिवस ठेवून पाहावा. त्याचे नेहमीचे खाणे आणि मालकाचा न धुतलेला एखादा सदरा मागून घ्यावा. माझ्याकडची पहिली लॅब्रॅडॉर दीड दिवस दाराकडे तोंड करून बसली होती, तिने पाण्यालाही तोंड लावले नाही; दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो सदरा तिच्या वाटीशेजारी अंथरला आणि तिच्याकडे पाठ करून बसले, तेव्हा कुठे ती उठून चार घास खाऊन गेली.