रिकामा मोबाइल होम पार्क : खरेदीनंतरचे नऊ महिने

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील एका लहान शहराच्या हद्दीतला 22 लॉटचा, पूर्ण रिकामा मोबाइल होम पार्क मी आणि माझ्या मेहुण्याने गेल्या ऑक्टोबरात विकत घेतला. मोबाइल होम पार्क म्हणजे कारखान्यात बनवून आणलेली घरे ठेवण्याची भाड्याची वसाहत, आणि लॉट म्हणजे त्यातली एका घराची जागा. अशा व्यवहाराचा विचार करणारे ओळखीचे लोक भेटले की लॉटमागे भाव काय पडला, हेच आधी विचारतात. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटचा आहे.

तिथे पुन्हा घरे ठेवू देतील का, हे आधी पाहावे. असे जुने पार्क बहुधा आजच्या झोनिंगच्या, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरता येईल याच्या, नियमांत बसत नाहीत. पूर्वीपासून चालू आहेत म्हणून चालू दिलेले असतात. वापर ठरावीक मुदतीहून जास्त काळ थांबला, तर ती सवलत जाते आणि हातात नुसती जमीन उरते. आमच्या शहरात ही मुदत 12 महिन्यांची आहे. शेवटचा भाडेकरू जाऊन जवळपास 10 महिने झाले होते, हे विक्रेत्याने सांगितले नव्हते. जुन्या वीजबिलांवरून ते आम्हाला समजले. झोनिंग कार्यालयाचे लेखी पत्र हाती येईपर्यंत आम्ही विसारापलीकडे एक डॉलरही दिला नाही. मुदतीच्या आत पहिले घर बसवण्याची अट पत्रात होती आणि ती आम्ही 11 दिवस राखून पाळली.

सांडपाण्याच्या वाहिनीत कॅमेरा सोडण्याचा खर्च मात्र कोणीही वाचवू नये. पहिले चाळीस फूट भाजक्या मातीचा पाइप व्यवस्थित दिसत होता. पुढे काळी, दबून अंडाकृती झालेली नळी आली आणि कॅमेरा तिथेच अडला. तो ऑरेंजबर्ग पाइप होता, म्हणजे लगदा आणि डांबर यांपासून केलेली नळी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ती सर्रास घातली गेली. मातीच्या भाराने ती चपटी होते आणि मग बदलावीच लागते. त्या चित्रफितीमुळे किंमत बरीच खाली आली. पाणी शहराचे होते हे नशीब. स्वतःची बोअर असती, तर 15 जोडण्या होताच संघीय कायद्याने आम्ही सार्वजनिक पाणीपुरवठादार ठरलो असतो.

माझी चूक लॉटच्या मोजणीत झाली. पार्क आखला गेला तेव्हाचे ट्रेलर, म्हणजे अशी जुनी घरे, दहा फूट रुंदीचे होते, तर आजचे सिंगल-वाइड (एकाच भागात बनणारे) घर साधारण 14 ते 16 फूट रुंद आणि बरेच लांब असते. दोन घरांमधले सक्तीचे अंतर धरल्यावर 22 लॉटचे प्रत्यक्षात 13 झाले. स्वस्तातली फार जुनी घरे आणण्याची सोयही नाही, कारण 15 जून 1976 रोजी अशा घरांच्या बांधणीचे संघीय मानक लागू होण्यापूर्वी बनलेली घरे आमचे शहर नव्याने बसवू देत नाही. भाड्याची आवक शून्य असल्याने बँकेने कर्ज नाकारले आणि शेवटी विक्रेत्यानेच किंमत हप्त्यांनी फेडण्याची सोय करून दिली.

आज चार घरांत लोक राहतात. तिसऱ्या लॉटवरच्या आजींनी पायऱ्यांपाशी टोमॅटो लावले आहेत, आणि ते पाहून मला मनापासून बरे वाटते. तरीही 13 लॉट आधी कळले असते, तर या भावात मी सही केली नसती. उरलेल्या लॉटची वाहिनी पुढच्या महिन्यात बदलायची आहे. प्रत्यक्ष खर्च हाती आला की इथे भर घालीन.