उंच बिल्डिंगचं बाहेरून पेंटिंग करून घेताय? आम्हाला कसं गंडवलं ते आधी वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या चौदा मजली बिल्डिंगचं बाहेरचं पेंटिंग आणि प्रोटेक्टिव्ह कोटिंगचं काम झालं, संपलं तेव्हा बिल्डिंग इतकी झकास दिसत होती की लोक थांबून कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मागायचे, आणि दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या मजल्यांवर पोपडे निघायला लागले. खालचे तीन-चार मजले आजही ठीक आहेत, गच्चीलगतचा वरचा पट्टाही ठीक आहे, मधलंच सगळं गेलं. असं का ते कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. जिथे माणूस उभा राहून हात लावू शकतो तिथे काम नीट केलंय, आणि जिथे फक्त दोरीवरचा माणूस पोचतो तिथे थातूरमातूर उरकलंय.

कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे, आणि नाव कळून तसा उपयोगही नाही कारण ही पद्धत त्या एकट्याची नाही.

कोटेशनमध्ये सगळं व्यवस्थित होतं बरं का. हाय प्रेशर वॉटर जेटने भिंत धुणार, सुटा रंग खरवडणार, भेगा व्ही आकारात कापून त्यात पॉलिमर मॉर्टर भरणार, मग प्रायमर, मग इलॅस्टोमेरिक म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या कोटिंगचे दोन हात. वाचून कुणालाही वाटेल माणसाला कामातलं कळतं. आणि कळत होतंच, तिथेच तर घोळ आहे. त्या अख्ख्या कागदात एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे रंग वाळल्यावर थर किती मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) राहिला पाहिजे तो आकडा. "कंपनीच्या शिफारशीप्रमाणे" एवढंच लिहिलेलं. दुसरं म्हणजे पैसे कसे द्यायचे, तर जेवढे मजले पूर्ण तेवढं बिल. पूर्ण म्हणजे काय, तर खालून बघितल्यावर नवा रंग दिसला की पूर्ण. धुणं, खरवडणं, भेगा भरणं, प्रायमर, यातली एकही पायरी वेगळी तपासायची सोयच ठेवली नव्हती.

आता खिडक्यांचं प्लास्टिक. हे नीट वाचा. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या खिडक्यांना बाहेरून प्लास्टिक लावलं, चिकटपट्टी मारून एकदम घट्ट, काचांवर रंग उडू नये म्हणून. आणि सगळ्यांना नोटीस, काम संपेपर्यंत खिडकी उघडायची नाही, दोरीवरच्या माणसाला लागेल. आता माणसाच्या जिवाचा प्रश्न म्हटल्यावर कोण कशाला वाद घालणार. पण एका वेळी काम चालायचं एका बाजूला आणि प्लास्टिक मात्र चारही बाजूंना, शेवटचा हात होईपर्यंत. म्हणजे उंच बिल्डिंगमध्ये भिंत जवळून बघायची जी एकमेव जागा रहिवाशांकडे असते, आपापली खिडकी, तीच बंद करून टाकली. नवव्या मजल्यावरच्या काकूंनी कोपऱ्यातून प्लास्टिक थोडं फाडून बघितलं होतं, त्या सांगत होत्या की खिडकीखालची भेग आहे तशीच आहे आणि वरून रंग चाललाय. सुपरवायझर म्हणाला, "काकू, हा पहिला हात आहे, भेग नंतर भरतो." भेग कधी रंगानंतर भरतात का? पण तो इतक्या ठामपणे बोलला की काकूंनाच वाटलं आपल्याला काही कळत नाही.

भेगांचा विषय निघालाच आहे तर त्यांचं बिल बघा. क्रॅक फिलिंग "प्रत्यक्ष मापाप्रमाणे" होतं, रनिंग मीटरवर म्हणजे भेगेच्या लांबीवर, आणि माप घेणारा कोण, तर त्याचाच माणूस. बिलासोबत फोटोंची भली मोठी फाइल, प्रत्येक फोटोखाली मजला आणि बाजू लिहिलेली. मी त्यावेळी कमिटीत नव्हतो, पण पोपडे निघाल्यावर ही फाइल घेऊन बसलो. एका फोटोत भेगेशेजारी ड्रेनेज पाइपचा क्लॅम्प होता, एक स्क्रू गायब, खाली गंजाचा ओघळ, शेंडा डावीकडे वळलेला. पुढे सातव्या मजल्याच्या फोटोत तोच क्लॅम्प, तोच ओघळ. मग अकराव्या मजल्यावर परत तोच, यावेळी फोटो जरा तिरका. एकदा नजर बसल्यावर सापडतच गेले. एकाच भेगेचं बिल आम्ही कितीदा भरलं देव जाणे.

पण खरा पैसा खाल्ला तो मालात. आणि हा हिशोब इतका सोपा आहे की कुठल्याही बिल्डिंगमधला कुणीही कागदावर करू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो. कोटिंगच्या डेटाशीटवर (कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या कागदावर) व्हॉल्यूम सॉलिड्स टक्क्यांत दिलेलं असतं, म्हणजे पाणी उडून गेल्यावर भिंतीवर खरोखर किती उरणार ते. त्या आकड्याला १० ने गुणायचं आणि वाळलेल्या थराची जितके मायक्रॉन जाडी हवी त्याने भागायचं, की एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होणार ते येतं. समजा सॉलिड्स ५० टक्के आहे आणि एकूण जाडी २०० मायक्रॉन हवी आहे, तर ५०० भागिले २००, म्हणजे अडीच चौरस मीटर. ५,००० चौरस मीटर भिंत असेल तर २,००० लिटर लागणार, २० लिटरच्या १०० बादल्या. हेही भिंत गुळगुळीत असेल आणि थेंबभर वाया जाणार नसेल तर. खरबरीत प्लास्टर जास्त पितं, रोलरमध्ये राहतं, वाऱ्याने उडतं, ते सगळं वरून धरायचं. (हिशोब व्हॉल्यूम सॉलिड्सवरच करा, वजनाच्या टक्क्यांवर नको. वजनाचा टक्का सहसा मोठा दिसतो कारण पिगमेंट म्हणजे रंगाची पूड जड असते, आणि काही महाभाग मुद्दाम तोच आकडा पुढे करतात.)

आमच्या भिंतीच्या मापाने हा हिशोब केला तर गेटवर नोंद झालेला माल निम्म्याच्याही खाली भरला. कॉन्ट्रॅक्टरला आधी विचारलं असतं तर उत्तर तयारच होतं, गच्चीवर रिकाम्या बादल्यांची रास. प्रत्येक बिलाच्या वेळी ती रास मोजून दाखवायचा, फोटोही पाठवायचा. तेच फोटो नंतर मोठे करून बघितले, तर झाकणांवरचे शेड कोड आमच्या रंगाचे नव्हतेच, काही बादल्या तर दुसऱ्याच कुठल्या तरी गडद रंगाच्या, आतल्या कडेला वाळलेला रंग स्पष्ट दिसतोय. दुसरीकडच्या रिकाम्या बादल्या आणून रास उंच केलेली. आणि पूर्ण निर्लज्जपणा म्हणजे दोन वेगवेगळ्या बिलांच्या फोटोंत चिरलेल्या कानाची तीच बादली पुढच्या रांगेत. म्हणून आता आम्ही काय करतो, माल आला की सीलबंद बादलीवरचा बॅच नंबर आणि तारीख लिहून घेतो, आणि रिकामी झाली की आमच्यासमोर तळाला भोक पाडायचं. भोक पाडलेली बादली परत भरूनही आणता येत नाही आणि विकताही येत नाही. या एका अटीवर कॉन्ट्रॅक्टर कसा तोंड करतो ते बघा, बरंच काही कळतं.

उरलेली कसर पाण्याने भरून काढली. इलॅस्टोमेरिक कोटिंगचं सगळं मोल जाडीत असतं, भिंतीला केसासारखी भेग पडली तर वरचा थर ताणला जाऊन ती झाकून धरतो, पण थर जाड असेल तरच. पाणी घालून पातळ केलेलं तेच महागडं कोटिंग साध्या रंगाइतकंही टिकत नाही. ओला असताना जाडी मोजायला दातांची छोटी पट्टी मिळते, कंगव्यासारखी, ओल्या रंगात सरळ टेकवायची, शेवटचा कुठला दात भिजला ते बघायचं. १०० मायक्रॉन वाळलेला हवा आणि सॉलिड्स ५० टक्के तर ओला २०० असायला हवा, बस. एवढीशी वस्तू, पण आमच्या साइटवर ती कुणाकडेच नव्हती. आणि वाळल्यानंतर मोजू म्हणाल तर लोखंडावर चालणारं मॅग्नेटचं मीटर काँक्रीटवर चालत नाही, त्याला अल्ट्रासॉनिक लागतं नाहीतर थर कापून भिंगातून बघावं लागतं. कॉन्ट्रॅक्टरने एकदा कमिटीला असलंच एक मॅग्नेटचं मीटर टेकवून आकडे वाचून दाखवले होते. कुठे, तर गच्चीच्या लोखंडी रेलिंगवर. तिथे अर्थातच भरपूर जाडी आली.

पोपडे निघाल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी पोपडा उलटा करून हातात दिला. पुढून नवा कोरा रंग आणि मागच्या बाजूला जुन्या रंगाची पांढरी भुकटी नि वाळलेलं शेवाळ, जसंच्या तसं छापल्यासारखं चिकटलेलं. म्हणजे भिंत धुतलीच नव्हती, प्रायमरचा पत्ता नाही, भुकटीवरच रंग फासला. अख्खा तुकडा सापाच्या कातीसारखा निघत होता. मग पुलऑफ टेस्ट केली, यात भिंतीवर धातूची चकती चिकटवून ती मशीनने ओढतात, आयएसओ ४६२४ या मानकाप्रमाणे. आकडा तर कमी आलाच, पण इंजिनिअर म्हणाले की आकड्याइतकंच थर कुठून सुटला ते महत्त्वाचं. आमचा सगळीकडे जुन्या रंगाच्या भुकटीतून सुटला. हे रिपोर्टात लिहून घ्या, नाहीतर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तुमच्या प्लास्टरमध्येच दोष आहे.

त्याहून वाईट दोन ठिकाणी निघालं, बीमच्या खालच्या बाजूला. तिथे काँक्रीट फुगलं होतं, त्यावर नुसती पुट्टी ओढून रंग दिलेला. ठोकल्यावर तुकडा पडला, आत सळई गंजलेली. काँक्रीट नवं असताना चांगलंच अल्कली असतं, पीएच साडेबाराच्या आसपास, त्याच्यामुळे सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो पीएच ९ च्या खाली आणतो, मग गंज धरतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. इंजिनिअरनी ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन नावाचं रसायन फवारलं, चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, आमचं सळईपर्यंत रंगहीन. आमच्या कोटेशनमध्ये "अँटी कार्बोनेशन", म्हणजे हाच कार्बन डायऑक्साइड अडवणारं, हा शब्द ठळक अक्षरात होता आणि त्याचे वेगळे पैसेही लावले होते. युरोपातल्या ईएन १५०४-२ या मानकात असल्या कोटिंगला कार्बन डायऑक्साइड अडवण्याची ठराविक कसोटी आहे, डेटाशीटवर तो टेस्टचा आकडा मागायचा. आमच्याकडे आलेल्या मालाच्या डेटाशीटवर तसलं काहीच नव्हतं, साधा एक्स्टीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा नेहमीचा रंग होता तो.

मग वॉरंटी. दहा वर्षांचं पत्र होतं ना! बाहेर काढलं तर वर कोटिंग कंपनीचा लोगो, खाली सही कॉन्ट्रॅक्टरची. कंपनीला लिहिलं, त्यांचं उत्तर दोन ओळींचं. या साइटची आमच्याकडे नोंद नाही, आमच्या माणसाने पृष्ठभाग तपासलेला नाही, आम्ही वॉरंटी दिलेली नाही. कंपनीचं म्हणणं चूक आहे असंही नाही. वॉरंटी कंपनीची हवी असेल तर काम सुरू व्हायच्या आधीच कंपनीला थेट कळवून साइटची नोंद झाली का ते विचारा, आणि मालाचं बिल कुठल्या डीलरचं, किती लिटरचं, ते बघा. कॉन्ट्रॅक्टरने आणून दिलेल्या कागदावर जाऊ नका.

दोरीवरच्या पोरांबद्दल एक सांगतो, कारण आमच्यातल्या काही जणांनी सगळा राग त्यांच्यावर काढला. त्यांना पैसे ड्रॉपवर मिळायचे, म्हणजे दोरीवरून वरून खालपर्यंत एक खेप उतरली की ठराविक रक्कम, मग तो किती हात मारतो याला काही अर्थच नाही, जितक्या लवकर खाली तितकं बरं. आणि बऱ्याच जणांना एकच दोरी. एक दोरी कामाची आणि दुसरी जिवाची, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या, हा रोप ॲक्सेसचा साधा नियम आहे. इथे पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) धारेवर गोणपाट टाकून एकच दोरी सोडलेली. जो माणूस दुसऱ्या दोरीचे पैसे वाचवतो तो प्रायमरचे वाचवणार नाही असं समजायला काही कारण नव्हतं.

आता सध्याची परिस्थिती. कॉन्ट्रॅक्टरने स्वतःहून "गुडविल म्हणून" मधल्या मजल्यांवर एक हात फुकट मारून देतो असं सांगितलं. ऐकायला बरं वाटतं आणि निम्मी बिल्डिंग लगेच तयारही झाली. इंजिनिअरने स्पष्ट नाही सांगितलं, खालचा थरच भिंतीला धरून नाही तर वरचा कशाला धरेल, दोन्ही मिळून पडतील, आधी सुटलेलं सगळं खरवडून भिंत मोकळी करायला लागेल. शिवाय फुकटच्या हातासोबत एक कागद होता, त्यात काम समाधानकारक झालं असून आता कुठलीही तक्रार उरलेली नाही असं वाक्य घातलेलं. तो कागद सही न करता परत पाठवला. पुलऑफचा रिपोर्ट, क्लॅम्पचे फोटो, बादल्यांचे फोटो आणि कंपनीचं पत्र वकिलांकडे दिलंय, नोटीस गेलीये. दरम्यान बीमची दुरुस्ती थांबवण्यासारखी नव्हती, ती दुसऱ्या माणसाकडून सुरू केलीये, फोडलेला प्रत्येक भाग इंजिनिअरने बघितल्याशिवाय बुजवायचा नाही या अटीवर.